अलीमियाँनी बदललेलं इंजिन

आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मी गॅरेजच्या दारात उभी राहून "ऐका हो" म्हटलं की पाच मेकॅनिक वळून बघायचे आणि ज्यांना हाक मारली ते बघायचे नाहीत. पण लिहायचं तर नाव हवं, म्हणून लिहिते. अलीमियाँ. हर्णैचे.

ह्यांचे वडील मासेमारीच्या होडीवर तांडेल होते, आणि हे त्याच होडीचं इंजिन सांभाळायचे. विशीत आखातात, दुबईच्या पलीकडे उम्म अल कुवैनला आले ते यहयाच्या बापाच्या गॅरेजात. पुढे बाप वारला आणि गॅरेज यहयाकडे आलं. हत्यारांबरोबर हेही त्याच्याकडे आले म्हणायचं. दोघं एका वयाचे. यहया मालक आणि हे नोकर, पण सकाळचा सुलेमानी चहा दोघांनी एका बाकावर बसून घ्यायचा, त्यात कधी खंड नाही.

ह्यांची एक रीत होती. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग सांगायचे, तिसऱ्या सिलिंडरात खोट आहे. घरी मी चारदा सांगितलेलं ऐकू यायचं नाही, ती गोष्ट वेगळी.

यहयाच्या बापाची जुनी लँड क्रूझर गॅरेजच्या मागच्या अंगणात असायची. पेट्रोलची, चौकोनी तोंडाची, रंग उडालेली. यहया रोज सकाळी येऊन तिच्यात बसायचा, इंजिन चालू करायचा, थोडा वेळ नुसता बसायचा आणि बंद करून चहाला यायचा. आम्हाला सगळ्यांना वाटायचं, बॅटरी उतरू नये म्हणून करतो.

मागच्या वर्षी ठरलं, आता पुरे, डिसेंबरात कायमचं गावी जायचं. आमचा रेहान रास अल खैमाच्या टाइल्सच्या कारखान्यात आहे, त्याची बायकामुलं इथेच राहणार. आम्ही दोघं परत जाणार. हे कळलं त्याच आठवड्यात यहया गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी परदेशी निघाला होता. जाताना त्याने ह्यांच्या हातात लँड क्रूझरची किल्ली ठेवली. त्यांचं बोलणं अर्धं हिंदी, अर्धं अरबी असतं, मी आपल्या भाषेत लिहिते.

"अली, मी आलो की तू जायच्या आधी आपण दोघं अल ऐनला जाऊ. बापाच्या खजुराच्या बागेत. याच गाडीने. तेवढी तिला तयार कर."

"इन्शाल्ला," हे म्हणाले.

गाडी तेव्हा ऑइल पीत होती, धूर टाकत होती, आणि इंडस्ट्रियल एरियाच्या गेटापर्यंत गेली तरी पाणी उकळायचं. ह्यांनी दोन दिवस तिच्याभोवती फेऱ्या मारल्या. मग जेवताना म्हणाले, "पेट्रोलचं इंजिन काढतो. डिझेल बसवतो."

"यहयाला विचारलंत?"

"विचारून देतात ती भेट कसली?"

"आहे तेच दुरुस्त नाही का होत?"

"होईल की. पण मी गेल्यावर परत बंद पडलं तर बघणार कोण? ही आताची पोरं कॉम्प्युटर लावल्याशिवाय बॉनेट उघडत नाहीत. डिझेल टाकलं तर ती त्याच्या नातवापर्यंत चालेल."

मला पटलं. का नाही पटणार, मीही बंदरावरचीच. आमच्याकडे होडी म्हणजे लाकूड. इंजिनं येतात आणि जातात. सासऱ्यांच्या होडीत माझ्यादेखत दोनदा इंजिन बदललं, तरी होडी त्यांचीच राहिली. मोठा मुलगा कमावता झाला की बापाच्या होडीला नवं इंजिन घेतो, गावात पेढे वाटतात. त्याहून मोठी भेट आम्हाला माहीत नाही.

शारजाच्या जुन्या पार्टच्या बाजारातून ह्यांनी एक सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन शोधून आणलं. किती दिरहमला ते मला सांगितलं नाही, मी लगेच रुपयांत करीन म्हणून. मग कामाला लागले. चेन कप्पीने जुनं उचललं, नवं खाली सोडलं, ते बसेना. ते ज्यावर टेकतं ते पाय कापले, पुढे सरकवून वेल्ड केले. रेडिएटर मोठा घातला. पेट्रोलची टाकी धुतली, उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारी वेगळी नळी टाकली. मी डबा घेऊन जायचे तेव्हा शाळेला सुट्टी असली की रेहानची यम्ना बरोबर यायची. आजोबांना ती दादा म्हणते.

"दादा, व्हाय डझंट इट जस्ट फिट?"

"दुसऱ्या घरची सून आहे बाळा. रुळायला वेळ लागतो."

"सुनेसाठी कुणी घर कापून वेल्डिंग करत नाही," मी म्हटलं.

"तुझ्यासाठी केलं असतं तर बरं झालं असतं," हे गाडीखालून म्हणाले.

इतके खुशीत मी त्यांना क्वचित पाहिलंय.

आमच्या बंदरावर एक समजूत आहे, जुनं इंजिन दारात राहिलं की नवं रुसतं. म्हणून ज्या दिवशी काढलं त्याच दिवशी ह्यांनी ते भंगारवाल्याला देऊन टाकलं. पिकअपमध्ये चढवलं तेव्हा त्याच्यावर हात ठेवून सलाम केला. एवढं सगळं रीतीने झालं.

यहया काठी टेकत आला तेव्हा मीही गॅरेजात होते. खास खजुराचा हलवा करून नेला होता. ह्यांनी त्याला गाडीत बसवलं आणि स्वतः बाजूला उभे राहिले. यहयाने किल्ली फिरवली.

डिझेल ते डिझेल. खडखड करून उठलं, सगळं बॉनेट थरथरलं, मग घुमायला लागलं. हे हसत होते. यहया दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसला होता. बराच वेळ बसला. मग बंद केलं.

"माशाल्ला," तो म्हणाला. "पहिलं कुठे आहे?"

"भंगारात दिलं. खलास. आता काळजी नाही."

"अच्छा."

काठी शोधत तो खाली उतरला. हलव्याचा एक घास खाल्ला, माझ्याकडे बघून छान झालाय म्हणाला. मग बाकावर बसून ह्यांना अगदी सहज, हवापाण्याचं बोलावं तसं म्हणाला, "मी शाळेत होतो ना, तेव्हा आत वर्गात बसून आवाजावरून कळायचं. बाप न्यायला आला."

ह्यांच्या हातातला चहा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवसापासून हे भंगारवाल्यामागे. त्याने शारजाला दिलेलं, शारजावाल्याने कुणाला तरी, तिथून ते कंटेनरमध्ये चढून कुठल्या देशात वितळलं कुणाला ठाऊक. मग ह्यांनी त्याच जातीचं दुसरं पेट्रोल इंजिन हुडकून काढलं. यहयाकडे गेले आणि म्हणाले, डिझेल उतरवतो, हे बसवतो, तिकीट पुढे ढकलतो.

यहया म्हणाला, "नको हबीबी. तो दुसऱ्या कुणाच्या बापाचा आवाज."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाची समजूत काढता येते.

अल ऐनला मात्र दोघं गेले. बोलला होता तो, शब्द पाळला. मी दारातच विचारलं, "कशी गेली गाडी?"

"लोण्यासारखी. पाणी जराही तापलं नाही."

"आणि यहया?"

ह्यांनी चपला काढून जागेवर लावल्या. "निघाल्या निघाल्या म्हणाला, अली, रेडिओ लाव."

त्या गाडीत रेडिओ लागलेला मला तरी आठवत नाही.

मग सकाळी यहया मागच्या अंगणात जाईनासा झाला. सरळ बाकावर यायचा, चहा घ्यायचा. ह्यांच्याशी पूर्वीइतकंच गोड बोलायचा. गाडी उभी. आमच्या निघण्याच्या आधीच्या आठवड्यात त्याच्या मुलाने गिऱ्हाईक आणलं. रास अल खैमाच्या डोंगराकडचा बकऱ्या पाळणारा माणूस. चढावर चारा न्यायला त्याला दमदार डिझेल गाडी हवी होती. जुनं पेट्रोल इंजिन असतं तर त्याने ढुंकूनही बघितलं नसतं, आणि गाडी अंगणातच राहिली असती. काम चांगलं झालं म्हणून विकली गेली.

गिऱ्हाईक गाडी न्यायला आलं त्या दिवशी हे घरी बसतील असं मला वाटलं होतं, पण गेले. गाडी समजावून सांगायला दुसरं होतं कोण? गिऱ्हाइकाला सगळं दाखवलं. सकाळी आधी इंजिनचा हीटर तापू दे, मग किल्ली फिरव. फिल्टरातलं पाणी काढत जा. चढावर घाई करू नको, ती स्वतःच ओढते. यहयाकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

गिऱ्हाइकाने पैसे देण्याआधी यहयालाच विचारलं, "इंजिन भरवशाचं आहे ना?"

"एकदम," यहया म्हणाला. "आमच्या अलीने बसवलंय."

गाडी रस्त्याला लागली. वळण घेऊन गेली तरी तिचा खडखडाट बराच लांबून येत राहिला. हे फडक्याने हात पुसत उभे होते. हाताला काही लागलेलं नव्हतं.