बट्टीचा ओवा

परवा सुनेने बट्टीच्या पिठात ओवा चोळून टाकला, आणि त्या वासाने माझं डोकंच तापलं.

मी तेव्हा आठवीत होते. फैजपूरच्या बाजारात आई ओवा तळहातावर चोळून, वास घेऊनच विकत घ्यायची. त्या दिवशी तिने चिमूट उचलली, तोच दुकानदार खेकसला, "अक्का, घेणं नसीन तं हात लावू नका."

मला वाटलं, माझे वडील, आबा, आता त्याला सुनावतील. त्यांनी आईचं मनगट धरून तिलाच मागे ओढलं. म्हणाले, "बायकांची खोडच असते. बांधा छटाकभर."

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर आबांनी गोवऱ्यांवर भाजलेली बट्टी फोडली आणि ताट सरकवलं. "ओवा आहे का भुसा? साधी वस्तू पारखता येत नाही तुला."

आईने वरणाची पळी खाली ठेवली. "पारखतच होते. तुम्ही हात धरला."

आबा ताटावरून उठले. पाहुणे जेवत राहिले.

तेव्हा मला दुकानदाराचा राग आला होता. आज आबांचा येतो, ते जाऊन इतकी वर्षं झाली तरी. आणि सर्वांत जास्त माझा. कारण आई तिथे एकटी उभी असताना मी आबांच्या हातावर पाणी घालायला धावले होते.