पहिल्या गाडीचा नारळ

ट्रकच्या धंद्यात लायसन नंतर बघतात. आधी विचारतात, याआधी कुणाकडे होतास? आणि मग तुमच्या समोरच त्या जुन्या मालकाला फोन लावतात. माझा जुना मालक म्हणजे चिखले गावचा चिकूचा शेठ. ज्याच्यामुळे मी तुरुंगात गेलो, त्यालाच फोन करून लोक विचारायचे की हा पोरगा कसा आहे. आता बोला.

२०१४च्या थंडीत मी त्याची पिकअप चालवायचो. गाडी मला भरून, वर ताडपत्री बांधून मिळायची. मी चावी फिरवायची आणि नाशिकला न्यायची, एवढंच माझं काम. एकदा कासाच्या पुढे एक्साइजवाल्यांनी हात दाखवला, ताडपत्री सोडली, वरचे क्रेट उतरवले. वर चिकूचा एक थर, खाली सगळी दमणची दारू. मला काहीच ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही. चढावर गाडी जड लागत होती. चिकू इतका जड नसतो हे त्या रस्त्यावरचं कुत्रंही सांगेल. पण शेठला विचारायची आमच्यात रीत नाही. माझा बाप पंचवीस वर्षं त्याच्याच वाडीत राबत होता आणि आमचं घर उभं होतं तेही शेठच्याच जागेत. ज्याच्या जागेत चूल पेटते त्याला प्रश्न कोण विचारणार?

लॉकअपमध्ये शेठचा मेहुणा भेटायला आला. म्हणाला, शेठचं नाव घेऊ नकोस, नवा ट्रक येतोय, सुटलास की तो तुझाच. मी त्याच्यावर विश्वास ठेवला. मूर्ख होतो, दुसरं काय. मी तोंड शिवून बसलो, आणि तिकडे शेठने जबाब दिला की पोरगा माझी गाडी न विचारता घेऊन गेला, हे धंदे तो परस्पर करतो. चोराच्या उलट्या बोंबा. वकील म्हणाला कबूल कर, लवकर सुटशील. कबूल केलं. आठ महिने आत काढले.

सुटून घरी आलो तेव्हा बाप जेवत होता. मी उभ्या उभ्याच सांगितलं की बाबा, माल माझा नव्हता, गाडीपण मी चोरली नव्हती. बापाने ताटातला हात काढला, चूळ भरली आणि बाहेर निघून गेला. ताट अर्धं तसंच. आई म्हणाली, तो कुणाचंच ऐकत नाही हल्ली, तू मनावर घेऊ नको. मनावर कसं नाही घेणार? लोक मला चोर म्हणाले त्याचं मला काडीचं वाटलं नाही. बाप मला चोर समजतो हे मात्र मला गिळवत नव्हतं. त्यानंतर तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. पंधरा दिवसांत मी पिशवी उचलली आणि तलासरीला हायवेजवळ खोली घेतली.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच किडा. शेठ. सकाळी दात घासताना शेठ, भाकरी मोडताना शेठ. त्याची पॅकिंगची शेड पेटवायची, वाडीतल्या झाडांच्या मुळाशी काहीतरी ओतायचं, त्याच्या गाड्यांची चाकं फोडायची, सगळं मनात करून झालं होतं. पण खरंच काही केलं असतं तर पोलीस आधी माझ्याच दारात आले असते. नाव खराब असलेल्या माणसाला सूडसुद्धा नीट घेता येत नाही. आणि खरं सांगू, मला शेड जळायला नको होती. शेठने स्वतःच्या तोंडाने सांगायला हवं होतं की दारू माझी होती, आणि ते माझ्या बापाच्या कानावर पडायला हवं होतं. बाकी शेठ जगो नाहीतर मरो.

जड गाडीचं लायसन मी पकडला जायच्या आधीच काढलं होतं. त्याचा उपयोग शून्य. तलासरीच्या पहिल्या ट्रान्सपोर्टवाल्याने शेठला फोन लावला आणि माझ्याकडे न बघताच लायसन परत सरकवलं. गुजरातच्या हद्दीपलीकडच्या एका कारखान्याला पोलिसांचा दाखला हवा होता. तो कुठून आणू? तिसरा तर त्याहून नग. आठवडाभर माझ्याकडून गाड्या धुऊन घेतल्या, ग्रीस मारून घेतलं, आणि सातव्या दिवशी फोन लावला. शेठ फोनवर हसला, ते मला बाजूला उभ्या उभ्या ऐकू आलं. त्या हसण्याने माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अख्खं २०१६ मी पंक्चरच्या दुकानात दुसऱ्यांचे टायर उचलत काढलं.

नोकरी मिळाली ती शिमग्यामुळे. आमच्याकडे शिमग्याला ड्रायव्हर पाड्यावर गेला की देवाने बोलावलं तरी परत येत नाही. तलासरीत एक काकी होती, नवरा गेल्यावर तीन ट्रक स्वतः सांभाळायची. तिन्ही गाड्या भरलेल्या आणि ड्रायव्हर एकही नाही. मी जाऊन उभा राहिलो. तिनेही तोच प्रश्न विचारला, तोच फोन लावला. बराच वेळ कानाला लावून ऐकत होती. मग फोन ठेवला आणि म्हणाली, "शिव्या संपल्या त्याच्या. आता गाडी मागे घेऊन दाखव." दोन कुंपणांच्या मधून दहा चाकी मागे घ्यायची होती, दोन्हीकडे वीतभर जागा. घेतली. एक फांदीसुद्धा हलली नाही. तिने चावी दिली आणि बजावलं, एक तक्रार आली की चावी ह्याच टेबलावर ठेवायची, कारण सांगायचं नाही. मी मान डोलावली. पहिल्या फेरीला घाटात एकटाच रडलो, हे आत्तापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं.

वर्षभर एक तक्रार नाही. मग २०१८ची संक्रांत झाली, चिकूचा जोर सुरू झाला, गाड्यांची ओढाताण लागली आणि शेठने तलासरीला काकीकडे ट्रक मागितला. दिल्लीची, त्याच्या हंगामातली पहिली गाडी. काकीचे बाकीचे दोघे लांब होते. तिने मला विचारलं, तिथे जायचंय, जमेल का. मी म्हटलं, जमेल. रात्रभर झोप नाही लागली, पण भीतीने नाही हां. आनंदाने.

पहिल्या गाडीची तिथे एक रीत आहे. माल भरून झाला की शेठ स्वतः ताट घेऊन येतो, ड्रायव्हरला कुंकू लावतो, हातात नारळ देतो. ड्रायव्हरने तो गाडीपुढे फोडायचा, मग चाक हलायचं. नारळ शेठच्या हातचाच पाहिजे आणि फोडायचा ड्रायव्हरनेच, नाहीतर अख्ख्या हंगामाचा माल सडतो असं म्हणतात. आणि हा शेठ म्हणजे पंचांग बघितल्याशिवाय चप्पल न घेणारा माणूस.

सकाळी नऊच्या सुमाराला गाडी भरून झाली. शेडमध्ये दहाबारा बाया चिकू निवडत होत्या, आणि बाप कोपऱ्यात खाली बसून दुसऱ्या गाडीचे क्रेट भरत होता. मी आलोय हे त्याने बघितलं होतं, पण मान वर केली नाही. शेठ ताट घेऊन बाहेर आला. मला बघून थबकला. पण लोकांसमोर करणार काय, कुंकू लावलं. नारळ पुढे केला. मी दोन्ही हात पाठीमागे बांधले.

मी म्हटलं, "शेठ, ती दारू कुणाची होती ते सांगा. मग घेतो."

तो दबक्या आवाजात म्हणाला, ऑफिसात चल, बोलू. मी म्हटलं, इथेच. मग तो दात ओठ खात बाजूला गेला आणि काकीला फोन लावला. दुसरा ड्रायव्हर दोन दिवसांनी मिळेल असं तिने सांगितलं असावं, कारण त्याचं तोंड एवढंसं झालं. फोन माझ्याकडे दिला. काकीने एवढंच विचारलं, गाडी कधी निघणार. मी म्हटलं, ते शेठच्या हातात आहे. तिने फोन ठेवला. मला वाटलं, गेली चावी. जाऊ दे म्हटलं. आज मागे हटलो असतो तर जन्मभर स्वतःच्या तोंडात मारून घेतली असती.

ऊन ताडपत्रीवर आलं. ताडपत्रीखाली चिकू तापला की पिकतो, मग दिल्लीला चिकू नाही, शिरा पोचतो. शेठला हे माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. तो घड्याळ बघत होता, कपाळ पुसत होता. त्याचा घाम बघताना मला जे सुख झालं ना, ते खोटं का बोलू, जेवणातसुद्धा कधी मिळालं नाही. नाक दाबलं की तोंड उघडतं. अर्ध्या तासाने उघडलं.

"माझी होती."

मी म्हटलं, ऐकू नाही आलं.

"माझी होती रे, माझी होती! घे आता."

मी शेठकडे बघितलंच नाही. ज्यासाठी ही सगळी वर्षं काढली तो चेहरा कोपऱ्यात होता. मी तिकडे वळलो. बायांपैकी एकीनेही मान वर केली नव्हती, सगळ्यांचे हात चालूच होते. मी म्हटलं, "ऐकलंत ना, बाबा?"

बापाने हातातला क्रेट पुरा भरला. बाजूला सरकवला.

"मला काय ऐकवतोस," तो म्हणाला. "त्या गाडीचे खालचे क्रेट मीच भरले होते."

चिकू निवडणारी एक म्हातारी म्हणाली, पाड्यात सगळ्यांना ठाऊक आहे रे, तू गाडी काढ, ऊन चढलं. मी नारळ घेतला, फोडला आणि गाडी काढली. माल वेळेत पोचला. काकीने त्या सकाळीबद्दल कधी विचारलं नाही, चावीही मागितली नाही.

अच्छाडला गुजरातची हद्द येईपर्यंत मी तोंडाला येतील त्या शिव्या देत होतो, आणि त्यातली एकही शेठला नव्हती. बाप बोलला असता तर शेठने दुसऱ्या दिवशी घरावरची कौलं उतरवली असती, आई उघड्यावर आली असती. समजतं मला. समजून काय करू, लोणचं घालू? निदान मला तरी सांगायचं होतं. ताट सोडून बाहेर गेला तेव्हा तो माझी लाज वाटून गेला, असं मी इतकी वर्षं समजत होतो.

२०१९च्या उन्हाळ्यात आईचा फोन आला. बापाला मोतीबिंदू झालाय, वलसाडला डोळ्यांच्या दवाखान्यात तारीख मिळालीय, एसटीत चढताना धडपडतो, तुझी गाडी तिकडूनच जाते ना, बसवून ने. मागून बापाचा आवाज आला, त्याला त्रास नको देऊ म्हणून. मी म्हटलं, आई, केबिनमध्ये जागा नाही.

त्या दिवशी मी एकटाच होतो. बाजूची सीट वलसाडपर्यंत रिकामी होती.