हात दिसले पाहिजेत

मार्चचा दुसरा रविवार, सकाळ. स्थळ: ठाकुर्ली, ताईच्या बिल्डिंगचं पार्किंग. हजर: ताई, म्हणजे माझी मोठी बहीण; तिचे यजमान, माझे भाऊजी; त्यांची मुलगी, म्हणजे माझी भाची; मी; आणि आतून सोलून काढलेली एक जुनी छोटी गाडी. गैरहजर: वॉचमन. ही गाडी सुरू झाली की त्याला नेमकं पाण्याच्या पंपाकडे काम निघतं.

भाची आठवडाभर ठाण्यात एका ऑफिसात बसते आणि रविवारी आंबिवलीपलीकडच्या एका भरावाच्या मैदानावर मातीतून गाडी पळवते. प्लॅस्टिकचे लाल कोन मांडलेले असतात, त्यांना न शिवता चक्कर मारायची. हे ती चांगलं करते. इतकं की शर्यतीची टीम चालवणाऱ्या एका जुन्या ड्रायव्हरने तिला कळवलं होतं, एक सीट रिकामी आहे, सोमवार संध्याकाळपर्यंत एका पूर्ण चकरेचा व्हिडिओ पाठव. कापाकापी करायची नाही, व्हिडिओतला आवाज काढून टाकायचा नाही, आणि स्टिअरिंग, दोन्ही हात, समोरचा रस्ता हे तिन्ही दिसले पाहिजेत. आधी दोन व्हिडिओ पाठवून झाले होते. त्यांवरचं त्याचं उत्तर घरात सगळ्यांना पाठ होतं: ‘गाडी चालवतेयस की कढी ढवळतेयस, कळत नाही. हात दाखव.’

कॅमेरा मुठीत मावेल एवढा. तो बसवायची जागाही ठरलेली. गाडी उलटली तर डोकं वाचावं म्हणून आत लोखंडी पाइपांचा पिंजरा असतो, त्यावरच बसवायचा. पण त्या पिंजऱ्याला भोक पाडायचं नाही आणि वेल्डिंग करायचं नाही, असा नियम. म्हणजे पाइपाला पकडीने आवळायचं, एवढंच हातात राहतं.

मी मानपाड्याला काचेच्या बाटल्यांच्या कंपनीत डिस्पॅच सांभाळते. माझ्या हातून निघालेली बाटली नाशिकच्या घाटातून गेली तरी फुटत नाही. तेव्हा या कामात माझा सल्ला घेतला गेला असं म्हणता येणार नाही. मी काम ताब्यात घेतलं. कॅमेऱ्याला फोमचं घरटं केलं, वर फोम, खाली फोम, दोन्ही बाजूंना फोम, भिंगापुरती खिडकी, आणि सगळं एका पट्ट्याने आवळलं.

“बाळंतिणीची खोली केलीय,” भाऊजी म्हणाले. त्यांचं ग्रिलचं वर्कशॉप आहे. लोखंड सोडून बाकी सगळं त्यांना कापूस वाटतं. त्यांनी स्वतःही एक दांडी बनवून आणली होती, ती पिशवीत होती.

“आधी टेस्ट करू,” मी म्हटलं.

टेस्टची सोय तयार होती. ताईला त्याच सकाळी वर्षाचा मसाला कुटून आणायचा होता. मसाल्याच्या डंखावर लोखंडी मुसळं आळीपाळीने वर जातात आणि उखळीत आदळतात, तेव्हा दुकानाच्या फरशीवर उभ्या माणसाच्या दाढा हलतात. मी घरटं डंखाच्या चौकटीला बांधलं.

“बाई, व्हिडिओ काढायचाय तर बाहेरून काढा ना,” डंखवाला म्हणाला. “आमचं तोंड दिसत नाही इथून.”

ताईची मिरची कुटून होईपर्यंत कॅमेरा तिथे राहिला. लाल होऊन बाहेर आला, पण धडधाकट. मी तिथेच पास करून टाकला. आत काय चित्रित झालंय हे बघायला हवं होतं, पण आमच्यापैकी कुणाचेच डोळे उघडत नव्हते.

मैदानावर पहिली चक्कर झाली. भाची उतरली, आम्ही बोनेटवर लॅपटॉप ठेवून व्हिडिओ लावला. गाडी एकीकडे झुलत होती, रस्ता दुसरीकडे, आणि स्टिअरिंग गरम तव्यावरच्या लोण्यासारखं वितळत होतं.

“मावशी, मला हे बघून उलटी येतेय,” भाची म्हणाली, “आणि मी स्वतः चालवत होते.”

“कॅमेरा तर फुटला नाही ना?” मी म्हटलं, आणि म्हणता म्हणताच मला कळलं. बाटलीला फक्त न फुटता पोचायचं असतं. तिला वाटेत काही बघायचं नसतं. फोममध्ये बसलेला कॅमेरा सुखरूप होता, पण गाडी एका तालात हलत होती आणि तो आपल्या वेगळ्याच तालात.

भाऊजींनी पिशवीत हात घातला. इतका वेळ ते याचीच वाट बघत होते. जाड लोखंडाची दांडी, कोपरापासून मनगटापर्यंत लांब, आणि टोकाला वळवलेलं पान.

“पान कशाला?” मी.

“हात थांबत नाही ओ, मेहुणीबाई. ग्रिलला सवय आहे. पण बघा, हत्ती लटकला तरी हलायचं नाही.”

दांडी पाइपाला लावून नट आवळल्यावर मी ताईकडून नेलपॉलिश मागून घेतलं. नटावरून खालच्या पट्टीवर एक रेघ ओढायची. रेघ सरळ राहिली तर नट जागेवर आहे. तुटली तर फिरला. कंपनीत आम्ही हे मार्करने करतो. ताईच्या पर्समध्ये डाळिंबी रंग होता.

“एवढ्या वर्षांत मला लावून दिलं नाहीस कधी,” ताई म्हणाली.

दुसरी चक्कर. आता सुरुवातीला चित्र झक्क होतं. मग गाडीने वेग घेतला आणि भाचीला चार हात फुटले.

“दोनच मागितलेत त्याने,” ताई म्हणाली.

डाळिंबी रेघही तुटली होती. हत्ती लटकला असता तर कदाचित दांडी हलली नसती, पण इंजिन लटकत नाही, ते बारीक बारीक कुरकुरतं, आणि लांब दांडीचं टोक त्याला साथ देतं. भाऊजी दांडीकडे असं बघत होते की तिने भर लग्नात तोंड फिरवलंय.

मी त्यांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं आणि अॅक्सिलरेटर दाबून धरायला सांगितलं. मग पिंजऱ्याच्या प्रत्येक पाइपावर तळहात फिरवत गेले. पाइपाच्या मध्यावर हाताला मुंग्या येत होत्या. जिथे दोन पाइप एकमेकांना जोडले होते, तिथे जवळजवळ शांतता. आमच्या घराण्यात नेमकं उलटं आहे, जोडाजोडाशी आवाज जास्त.

“दांडी कापा,” मी म्हटलं.

“किती?”

“बोटभर ठेवा.”

“पान तरी राहू दे.”

“पान आधी.”

ते करवत घेऊन बसले. पान पडलं ते त्यांनी खिशात टाकलं. उरलेलं बोटभर लोखंड जोडाजवळ आवळलं, खालून तिरका दुसरा पाय दिला, पकड आणि पाइपाच्या मध्ये स्कूटरच्या ट्यूबची एकच पातळ पट्टी घातली. आतून नायलॉनचं कडं असलेले, सहज न फिरणारे नट लावले. वरून नवी डाळिंबी रेघ. आणि एवढं करूनही सुटलाच तर कॅमेरा भाचीच्या डोक्यात पडू नये म्हणून वेगळ्या तारेने पिंजऱ्याला बांधला.

तिसऱ्या चकरेचा व्हिडिओ लावला. रस्ता रस्त्यासारखा दिसत होता. तिच्या अंगठ्याचं नख दिसत होतं. आणि डावा हात दिसत होता. गिअर बदलून झाला तरी तो गिअरच्या गोळ्यावर बसून होता, सोफ्यावर उशी ठेवावी तसा. सगळ्यात अवघड वळण तिने एका हाताने घेतलं होतं.

“हे मी करते?” भाची म्हणाली.

आत्तापर्यंत वळणावर गाडी घसरली की टायर वाईट असायचे, नाहीतर माती ओली असायची.

“तुमच्याकडून आलंय हे,” ताई भाऊजींना म्हणाली. त्यांनीच तिला टेम्पोवर गाडी शिकवली होती. भाऊजींनी स्वतःचा डावा हात पाठीमागे घेतला.

“पाठवून दे गं,” ते म्हणाले. “एवढा स्वच्छ व्हिडिओ आलाय.”

“पप्पा, स्वच्छ आलाय हाच प्रॉब्लेम आहे.”

“मग दुसरा पाठव. त्यात चार आहेत, त्यातले दोन तरी बरोबर असतील.”

ती हसली नाही. हेल्मेट घालून परत गाडीत बसली. मैदानाच्या कडेला संध्याकाळच्या हळदीचा मांडव चढत होता आणि डीजेवाला स्पीकर तपासू लागला होता. आणखी एखादी चक्कर, मग मैदान त्यांचं.

चौथी चक्कर बाहेरूनच हळू वाटली. व्हिडिओत कारण कळलं. डावा हात गिअर टाकून उठायचा, स्टिअरिंगवर यायचा, पुढच्या गिअरला परत बसू पाहायचा, आणि भाची त्याला हाक मारून उठवत होती. हाकेबरोबर जे शब्द होते ते ताईने आयुष्यात प्रथमच ऐकले, असं ताईचं म्हणणं आहे. मागे डीजे. आणि आवाज काढून टाकायचा नाही ही तर अट.

“तिसरा जास्त फास्ट आहे,” भाऊजी म्हणाले.

“आहे,” भाची म्हणाली. “पण त्याला हात बघायचेत.” तिने चौथा पाठवला. आम्हाला विचारलं नाही.

सोमवारी मी डिस्पॅचच्या धक्क्यावर उभी असताना तिने त्याचं उत्तर मला पाठवलं. ‘हात दिसले. डाव्याला शिव्या देतेस ते बरोबर आहे, पण शर्यतीत तेवढा वेळ नसतो. ट्रायलला ये. तोवर न सांगता उठला पाहिजे.’

ट्रायल एप्रिलअखेर आहे. परवा तिने मला घरच्या गाडीतून कंपनीत सोडलं. मी शेजारी बसून रस्ता न बघता तिचा हात बघत होते.

“हात,” मी सिग्नलला म्हटलं.

“मावशी, गाडी उभी आहे.”

“उभी असली तरी.”

तिने हात उचलला. सिग्नल सुटला, पहिला, दुसरा, तिसरा गिअर पडला, एक रिक्षा आडवी आली, तिला तिने चुकवलं. एका हाताने. डावा गिअरवर बसला होता.