पोचू न दिलेला टॉर्पेडो

सौदामिनी मॅडमना राग आला की त्या ओरडत नसत, खडू मोडत. लातूरच्या ज्या क्लासमध्ये मी केमिस्ट्री शिकवायचो तिथंच त्या गणित घ्यायच्या, आणि त्यांचा तास संपला की फळ्याखाली खडूचे तुकडे झाडून काढावे लागत. मला त्यांचा राग आवडायचा. क्लासचे मालक राघवेंद्र सर कधीच रागवायचे नाहीत. ते हसायचे, आणि त्या हसण्यानं माझं पित्त खवळायचं.

किल्लारीच्या भूकंपाला तेव्हा दहा-बारा वर्षं झाली होती आणि लातुरात गल्लोगल्ली क्लास निघाले होते. नांदेड, मुदखेडची पोरं इथं खोल्या करून राहायची. बाहेर बोर्डावर गुणवंतांचे फोटो आणि आत एकच मंत्र: चार पर्याय बघा, तीन उडवा. राघवेंद्र सर तर उघड सांगायचे, "उत्तर वाकडंतिकडं आलं की समजायचं, चुकलंय. जवळचा सुटसुटीत आकडा उचला आणि पुढं चला." पेपर काढणारे तीस, पंचेचाळीस, साठ अंशांच्या बाहेर फारसे जात नाहीत हे खरंच आहे, म्हणून तर जास्त संताप येतो.

मॅडम निलंग्याकडच्या. भूकंपात घर पडलं, आणि मागून आलेल्या साहेबांनी तयार नकाशावरून एकसारख्या घरांच्या रांगा उभ्या केल्या. त्यांच्या वडिलांच्या बैलगाडीला दारात वळायला जागा उरली नाही. "एकानं तरी टेप लावून आमची गाडी मोजली का हो?" हे त्या मला अधूनमधून विचारायच्या, तेही अशा आवाजात, की जणू तो साहेब मीच.

क्लासमध्ये संगणक आला तो जाहिरातीत छापायला. जुनाच होता, आणि त्यात आधीच्या मालकाचा पाणबुडीचा एक खेळ राहून गेला होता. पेरिस्कोपमधून शत्रूचं जहाज दिसतं आणि आपण पाण्याखालून टॉर्पेडो सोडायचा. एक बटण दाबलं की नेम संगणकच धरून देतो. मॅडमनी पहिल्या दिवशीच ते बटण बंद करून टाकलं. मग सगळं आपल्यावर. जहाज कुठल्या जातीचं ते ओळखायचं, म्हणजे त्याची लांबी-उंची कळते; मग त्याची डोलकाठी भिंगात केवढी दिसते यावरून अंतर काढायचं. जहाजाचं पुढचं टोक मधल्या रेघेला लागल्यापासून मागचं टोक सुटेपर्यंत घड्याळ लावायचं, त्यावरून वेग. ते आपल्याला किती तिरपं दिसतंय तेही बघायचं. आणि नेम धरायचा तो जहाज दिसतं तिथं नाही, टॉर्पेडो पोचेल तेव्हा ते जिथं असेल तिथं.

मुलींच्या बॅचला हे दाखवलं तेव्हा सगळ्यांनी सवयीनं वहीत 'दिलेले' असा मथळा टाकला आणि पेन धरून बसून राहिल्या.

"मॅडम, जहाजाचा वेग सांगा की," एक म्हणाली.

"मी कशाला सांगू? माझं हाय का जहाज?"

खडू मोडला. तोवर जहाज निघून गेलं होतं.

पण हळूहळू पोरींना त्याची चटकच लागली. बांगडीवाल्या महेबूबभाईंची जेबा तर सगळ्यांच्या पुढं. एकदा तिचा टॉर्पेडो जहाजाच्या मागून गेला, तेव्हा ती वेग कुठं कमी धरला ते शोधत जेवायचं विसरली. अशी पोरगी मी त्या इमारतीत दुसरी बघितली नाही.

मग मुरुडच्या एका पालकानं तक्रार केली, "आमची पोरगी इथं गेम खेळायली." राघवेंद्र सरांनी पालकसभा बोलावली आणि हसत हसत जाहीर केलं, की मॅडमची एक विद्यार्थिनी सगळ्यांसमोर जहाज बुडवेल. बुडालं तर हा तास चालू राहील, नाहीतर मॅडमनी उद्यापासून यायचं नाही. माणसाच्या पोटावरचा निर्णय, आणि हा जादूचा प्रयोग लावल्यासारखा सांगतोय! मॅडम म्हणाल्या, "चालतंय." खुर्चीत जेबाला बसवलं.

पोरगी घाबरली होती, पण मोजलं तिनं बरोबर. अंतर काढलं, वेग काढला. मी आणि मॅडम तिच्या मागंच उभे होतो. नेम जहाजाच्या किती पुढं धरायचा, तो कोन कागदावर आला साडेएकवीस अंश. जेबानं त्या आकड्याकडं बघितलं, पेन चावलं. मग साडेएकवीसवर काट मारली आणि लिहिलं: तीस.

मॅडमनी ते बघितलं. त्यांचे ओठ हलले आणि मिटले. जेबानं टॉर्पेडो सोडला.

टॉर्पेडोला पोचायला मिनिटभर तरी लागतं. पडद्यावर नुसतं पाणी आणि आपल्या वाटेनं चाललेलं जहाज. पालक एकमेकांकडं बघायला लागले. राघवेंद्र सर हसले. "बघितलंत? काहीच होत नाही."

"सर, जाऊ द्या की तेला," महेबूबभाई मागून म्हणाले. "वाटंत हाय अजून."

सरांनी हसतच हात लांबवला आणि संगणक बंद केला. पडदा काळा झाला. "टाइमपास बंद," ते म्हणाले, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या! एका मिनिटाचा धीर नव्हता त्यांना, आणि पोरं इथं दोन-दोन वर्षं ठेवत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

जिन्यात मी मॅडमना गाठलं. "तीस लिहिताना तुम्ही बघितलंत. एक शब्द बोलला असतात तर नोकरी राहिली असती!"

"आणि पोरीला काय कळलं असतं? दुसऱ्यानं सांगितलेलं उत्तर बरोबर असतंय, एवढंच ना? ते शिकवायला हाय की तुमचा राघवेंद्र."

मागून जेबा धावत आली. "मॅडम, बंद केलं नसतं तर लागला असता ना?"

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पहिल्यांदा बघितलं, आणि ते दुःखाचं नव्हतं, रागाचं होतं. "न्हाई, बाई. जहाजाच्या पुढनं गेला असता."

"तीस घेतलं म्हणून?"

"हाव." मग त्या माझ्याकडं वळल्या. "नोकरीचं मरू द्या हो. पोरीनं सोडलेला टॉर्पेडो चुकत चालला होता, तो तिनं डोळ्यानं बघायला पाहिजे होता. मग पुढचा तिनं बरोबर सोडला असता. तेवढं पण होऊ दिलं न्हाई त्यानं."

जेबा गर्रकन वळली आणि दणादणा पायऱ्या चढून वर गेली. वर चहाचे कप वाजत होते, पालकांचं बोलणं चालू होतं. त्या सगळ्यावर तिचा आवाज चढला, आणि तो आमच्यापर्यंत स्पष्ट आला.

"सर, चालू करा ते. माझं चुकलेलं बघायचंय मला."