राजूर घाटाखालचा ओढा आणि आमची आखूड जीप

गाडी निवडतानाच आमची पहिली वादावादी झाली. विलासरावांना, म्हणजे माझ्या यजमानांना, लांबलचक एसीवाली हवी होती. मी पसंत केली जुनी, आखूड, फोर बाय फोर जीप.

"इच्यात तं दोघंच बसतीन धड," ते म्हणाले.

"मंग? दोघंच तं जाऊन राह्यलो."

खडक चढायचा असेल तर गाडीचं रूप पाहू नका, तिच्याखाली वाकून पाहा. पुढच्या-मागच्या चाकांत अंतर कमी असलं की दगडावर पोट टेकत नाही. लो गिअर असा हवा की गाडी माणसाच्या चालीपेक्षा हळू सरकेल. मग मलकापूरच्या गॅरेजात काम सुरू झालं. खोल नक्षीचे टायर, स्प्रिंगा बदलून थोडी उंची, इंजिनाखाली जाड पत्रा. मागच्या चाकांना लॉक बसवलं, म्हणजे एक चाक हवेत लटकलं तरी दुसरं जोर लावतं. शिवाय दोन्ही दारांखाली चेसिसला जोडलेले जाड पाइप. "ट्रॅक्टरवानी दिसते," विलासराव कुरकुरले. मी बसवलेच. काटकसर करायची तर स्पीकरमध्ये करा, टायरमध्ये नको. आणि कुठलाही बदल करण्याआधी आरटीओत विचारा. माझा मोठ्या टायरांचा हट्ट तिथंच संपला.

डिसेंबरातल्या एका रविवारी निघालो. मोताळ्याला कचोरी-चहा घेतला आणि राजूर घाटाच्या पायथ्याशी गजूभाऊंच्या, म्हणजे विलासरावांच्या मामेभावाच्या, शेतावर पोचलो. त्यांच्या पडीक जमिनीतून काळ्या दगडांचा कोरडा ओढा वर जातो. जंगलाच्या हद्दीत गाडी घालू नका. अशी ओळखीची जमीन शोधा.

"वहिनी, इथं तं माही बकरीही इचार करून चढते," गजूभाऊ म्हणाले.

"मंग मीही इचार करूनच चढीन."

टायरमधली हवा कमी केली, त्यानं रबर दगडाला पकडतं. (परत भरायला छोटा पंप सोबत हवाच.) विलासराव पुढं उभे राहून हातानं दिशा दाखवू लागले. डावं, थोडं उजवं, थांब. पहिला टप्पा जीप पाल चढावी तशी चढली. मी खुशीत होते.

दुसऱ्या टप्प्यावर उजव्या चाकाखालचा दगड निसटला. जीप उजवीकडं कलली, माझ्या खिडकीत आभाळाऐवजी ओढा आला. आणि पाहते तो काय, विलासराव त्याच बाजूला धावत आले आणि दोन्ही हातांनी गाडी पेलायला लागले!

"बाजूले व्हा! सोडा ते! बाजूले व्हा पहिले!"

एवढ्या मोठ्यानं मी आयुष्यात ओरडले नव्हते. गजूभाऊंनी त्यांना दंडाला धरून मागं खेचलं, तेवढ्यात जीप आणखी घसरली आणि दाराखालचा पाइप खण्णकन खडकावर टेकला. तिथंच थांबली. क्षणापूर्वी विलासराव उभे होते, बरोबर त्याच जागी.

मी ब्रेक सोडला नाही. गजूभाऊंनी लांबूनच पहारीनं चाकाखाली दगड सरकवले. लॉक लावलं, ॲक्सिलरेटरला पाय टेकवला न टेकवला इतकाच, आणि जीप पाइप घासत बाहेर आली. पाचच मिनिटांत माथ्यावर होतो.

मी जीपमधून उतरले तेव्हा विलासराव जमिनीवर बसले होते.

"काऊन धावले तुम्ही? हाताले पेलते काय जीप?"

"मले समजते नं ते," ते म्हणाले. "पण तू आत होती."

मी हात देऊन त्यांना उठवलं. गजूभाऊंकडं वांग्याचं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर होती. आम्ही दोघंही भरपूर जेवलो.

घरी आल्यावर लोक गाडीचं विचारतात. मी सगळं सांगते आणि जीप उत्तम निघाली हेही छातीठोकपणे सांगते. पण पुढच्या रविवारी विलासराव म्हणाले, "आता मी चालवतो, तू बाहेर उभी राह्य." मलकापूरबाहेरच्या एका माळावर, गुडघाभर दगडांत. काहीच अवघड नव्हतं. तरी जीप जराशी कलली आणि माझं पाऊल आपोआप तिच्याकडं पडलं.

मी ते मागं घेतलं, हात वर केला आणि ओरडले, "थांबा!"