दाट टाके : नांदुरा ते लोणार, सायकलवर

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. कुत्रं, पाल, घाट, समोरून येणारा कापसाने फुगलेला ट्रॅक्टर, अवेळी वाजणारा फोन, या सगळ्यांना मी भिते. तेव्हा "सायकलवर लोणारला जाऊन आले" असं मी लिहिते आहे, यावर माझ्या बहिणीचाही अजून विश्वास नाही.

झालं असं, की आमची तनू यंदा बारावीला आहे. पुढे अकोल्याला शेतकीला जायचं आणि होस्टेलला राहायचं, असं तिने परस्पर ठरवून टाकलं. मी सरळ नाही म्हटलं. तनूला लहानपणापासून मधुमेह आहे, गोळ्यांचा नाही, इन्सुलिनचा. प्रत्येक जेवणाआधी टोचायचं, झोपताना पुन्हा टोचायचं. साखर वाढली तर एक संकट आणि उतरली तर त्याहून मोठं. होस्टेलमध्ये कोण बघणार होतं?

"मंग दिवाळीच्या सुट्टीत सायकलनं लोणारले जाऊ," ती म्हणाली. "तू संग चाल. बोलायचं नाही, फक्त पाहायचं. मी सारं नीट सांभाळलं तर होस्टेल. नाही तर मी नाव नाही काढत."

मी हो म्हटलं. राजूरच्या घाटाच्या पायथ्याशीच ही परत फिरेल, अशी माझी मनातल्या मनात खात्री होती.

तंबू तिच्या पप्पांच्या मित्राकडून मिळाला. सायकलींना मागे कॅरिअर बसवून घेतले. प्रश्न राहिला बॅगांचा. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंनी लटकणाऱ्या तयार बॅगांची किंमत फोनवर पाहिली आणि फोन ठेवून दिला. घरी शिलाई मशीन आहे, हात बसलेला आहे, म्हटलं शिवू. चौकातला वाढदिवसाचा जुना फ्लेक्स उतरवला होता, तो मागून आणला. कडांना जुन्या पलंगाची नवार, झाकण ओढून धरायला सायकलची फाटकी ट्यूब आणि कॅरिअरला अडकवायला लोहाराकडून वाकवून घेतलेले पट्टीचे हूक. खर्च झाला तो फक्त हुकांचा आणि नायलॉन दोऱ्याचा. फ्लेक्सची छापील बाजू आत घेतली, त्यामुळे पिशवी उघडली की वाढदिवसवाले भाऊ हात जोडून हसतात.

तुम्हीही शिवणार असाल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. फ्लेक्सला टाचणी लावू नका, भोक कायमचं राहतं. कपडे वाळत घालायचे चिमटे लावा. आणि टाका लांब ठेवा, एकाच जागी पुन्हा पुन्हा मशीन फिरवू नका. भोकं जवळ जवळ पडली की फ्लेक्स त्याच रेषेवर फाटतो. माझी पहिली पिशवी अशीच फाटली होती. मोठ्या चारही पिशव्या मग मी लांब टाक्याने शिवल्या आणि त्या शेवटपर्यंत हूं की चूं न करता टिकल्या.

औषधाची पिशवी मात्र वेगळी होती. आत फ्लेक्स, त्यावर पोत्याचा तुकडा, तो ओला ठेवायचा म्हणजे माठासारखा गारवा राहतो, आणि वरून लाल मांजरपाट. लाल अशासाठी, की कुठेही ठेवली तरी नजरेत भरावी. तिचा पट्टा शिवताना माझा हातच थांबेना. या पट्ट्यावर माझ्या लेकीचा जीव लटकणार होता. एक शिलाई घातली, वाटलं पुरणार नाही. दुसरी घातली, तिसरी घातली, मग आडवी, मग तिरपी. नियम मला पाठ होता. पण भीती नियमाला विचारते थोडीच!

"मम्मी, अर्धं इन्सुलिन माह्याजवळ दे," तनू म्हणाली.

"नको. सारं एका जागी राहू दे, माह्या नजरेखाली."

निघताना मी त्या पिशवीला लिंबू-मिरची बांधली. तनूने कपाळावर हात मारला, पण बोलायचं नाही हा नियम तिनेच केला होता, तो मी तिच्यावरच उलटवला.

पहाटेच्या गारठ्यात नांदुरा सोडलं. मोताळ्यापर्यंतचा रस्ता सपाट आहे, दोन्हीकडे कापूस फुटलेला. मोताळ्यात पोहे आणि चहा झाला. तनूने खाण्याआधी बोट टोचून साखर पाहिली, हिशेब केला आणि पोटात इंजेक्शन घेतलं. मी "किती आली, किती घेतलं" विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं.

पुढे राजूर घाट. खालच्या टपरीवाल्याला मी विचारलं, "दादा, वर अस्वलं असतात म्हणे?"

"हाव, हायेत ना," तो मोठ्या अभिमानाने म्हणाला. "बिबट बी हाये. पण दुपारी नाही येत कोनी. दुपारी ट्रकच खाते मानसाले."

एवढा धीर पुरे होता. सगळा घाट मी सायकल ढकलत चढले. झुडपात सरडा सळसळला तरी छातीत धस्स व्हायचं. तनू पुढच्या वळणावर थांबून वाट बघायची, चेहरा लाल, पण हसत. घाटमाथ्यावर वारा लागला तेव्हा मला कळलं, की ती काही परत फिरत नाही. खरं सांगते, मला आनंद झाला नाही. म्हणजे होस्टेल आलंच.

बुलढाणा मागे टाकून चिखलीच्या रस्त्याला एका ढाब्याच्या मागे तंबू लावला. मालक भला होता. पिठलं-भाकरी दिली आणि तंबूचे पैसे घेतले नाहीत. दुसरा दिवस चिखलीमार्गे देऊळगाव राजा. रस्ता चढ-उताराचा आहे आणि कडेला खडी पसरलेली असल्याने डांबरावरूनच चालवावं लागतं, तेव्हा आरशात बघायची सवय ठेवा. बालाजीचं दर्शन घेतलं, मंदिराजवळच खोली केली. लाल पिशवी मी माझ्याच सायकलला मागे, बॅगांच्या वर बांधली होती. सारखी मान वळवून बघायचे. मान दुखायला लागली.

तिसऱ्या दिवशी सिंदखेड राजाच्या पुढे रस्ता मोकळा झाला. तूर पिवळी झाली होती, ऊन कोवळं होतं, आणि पहिल्यांदाच मी मान वळवायची विसरले. एका फाट्यावर पाणी प्यायला थांबलो तेव्हा मी पिशवीवर पाणीही शिंपडलं. तनूने माझा फोटो काढून मला दाखवला. म्हणाली, "पाय, हसून राह्यली तू!"

बीबीला पोचलो. जेवायला एका खाणावळीत बसलो, भाकरी आणि वांग्याची भाजी ताटात आली. "मम्मी, पिशवी दे," तनू म्हणाली. मी सायकलपाशी गेले. मागे पट्टा होता, हुकाला नीट अडकलेला. पट्ट्याच्या टोकाला फ्लेक्सचा चतकोर तुकडा, माझ्या सगळ्या शिलायांसकट. पिशवी नव्हती.

मला काय झालं ते लिहिता येणार नाही. मी रस्त्याकडे धावले आणि पुन्हा मागे आले. सगळं इन्सुलिन त्यात होतं. मीच एका जागी ठेवलं होतं. मीच फाडलं होतं, शिवून शिवून.

"मीच मेली असती तर बरं झालं असतं," असलं काहीतरी बोलून मी मटकन खाली बसले.

तनूने तुकडा हातात घेऊन पाहिला. तिचाही चेहरा उतरला होता, मी पाहिलं ना. पण ती मेडिकलवर गेली. ती वापरते ते इन्सुलिन तिथे नव्हतं. "मेहकरले भेटन," दुकानदार म्हणाला. तिने मेहकरची पुढची गाडी केव्हा आहे ते विचारून ठेवलं. परत येऊन खिशातलं साखरेचं यंत्र काढलं, बोट टोचलं. साखर वाढायला लागली होती. तिने भाकरीचं ताट बाजूला सारलं, काकडी आणि दोन उकडलेली अंडी मागवली आणि तांब्याभर पाणी प्यायली.

"आता आयक," ती मला म्हणाली, जशी मी तिच्याशी बोलते तशी. "पाणी प्यालो त्या फाट्यावर पिशवी होती. फोटोत दिसते, हे पाय. म्हंजे तिथून इथपर्यंतच पडली. हळूहळू मागं जाऊ. नाही भेटली तर मेहकरची गाडी हाये. लय टाइम हाये आपल्यापाशी. रडू नको, मले रस्ता पाहाले तुहे डोये लागतात."

आम्ही मागे निघालो. मी प्रत्येक खड्ड्यात बघत होते. लाल चिंधी दिसली की काळीज उडायचं, आणि ती गुटख्याची पुडी निघायची. समोरून एकेक मोटारसायकल येत होती आणि प्रत्येकाच्या डिकीत माझी पिशवी आहे असं वाटत होतं. एवढी लाल, एवढी ठसठशीत पिशवी रस्त्यात पडलेली कोण सोडणार? नजरेत भरावी म्हणून मीच तर लाल केली होती. देवाला काय काय कबूल केलं ते घरी आल्यावर आठवून लाज वाटली.

फाटा दिसला. आणि फाट्याच्या थोडं अलीकडे, भर रस्त्यात, लाल पिशवी.

ती जशी पडली तशीच होती. गाड्यांच्या चाकांच्या खुणा तिला वळसा घालून गेल्या होत्या. कोणी तरी तिच्या चारी बाजूंना चार दगड मांडले होते. मला काही उमगेना. सायकल टाकून मी धावले आणि वाकले, तोच बांधावरून ओरडा आला.

"ओ बाई! हात लावू नका! हात लावू नका!"

कापूस वेचणाऱ्या तीन-चार बायका कमरेच्या कापसाने भरलेल्या ओट्या सावरत धावत आल्या, पण दहा हातांवरच थबकल्या. पुढची म्हातारी धापा टाकत म्हणाली, "आवो, कोनी तरी उतारा टाकेल हाय. लिंबू पाहा, मिरच्या पाहा. वलं बी हाय, कायनं वलं केलंय कोन जाने. सकायपासून सारे बाजूनं जाऊन राह्यले. लेकराचा पाय पडू नये म्हनून म्याच दगड ठेवले."

लाल कापड, लिंबू-मिरची, ओलसर गाठोडं, आणि तेही फाट्याजवळ. नजर उतरवून टाकलेला उतारा कोण ओलांडतं? कोण उचलतं? जो उचलेल, त्याच्यामागे ती पीडा लागते. मीही नसतं उचललं. मी तर दुरूनच हात जोडून निघून गेले असते.

"मावशी, माहीच हाये ती," मी म्हटलं.

बायका एकदम दोन पावलं मागे सरल्या. "म्हंजे तुम्हीच टाकला?"

तेवढ्यात तनू आली. पिशवी उचलली, पोतं बाजूला करून बाटली उजेडात धरली. आतलं औषध गढूळलं नव्हतं, बाटली हाताला गार लागत होती. तिने साखर पाहिली, हिशेब केला, आणि तिथेच रस्त्याच्या कडेला, दगडावर बसून, पोटात सुई घेतली. बायका बघत राहिल्या.

"रोज घ्या लागते, माय?" म्हातारीने विचारलं.

"दिवसातून चारदा."

"भेव नाही वाटत?"

"मले नाही वाटत, आजी. मम्मीले वाटते."

म्हातारी माझ्याकडे बघून म्हणाली, "तिचं भेव तुमीच करून घेता, मंग तिले कुठून उरन!" बाकीच्या हसल्या. मला हसू आलं आणि मग जे रडू फुटलं ते आवरेना. तिने मला पाणी दिलं. तनूने चारही दगड रस्त्यातून उचलून बांधाला नेऊन ठेवले.

संध्याकाळी लोणार सरोवराच्या काठावर उभे राहिलो. सगळे लिहितात तसं मीही त्या पाण्याच्या रंगावर लिहीन असं वाटलं होतं, पण मला त्यातलं फार काही आठवत नाही. तनूची साखर जागेवर आली होती, ते आठवतं. एका हातात पिशवी गच्च धरून मी चहा प्यायले. परतीला सायकली एका मालवाहू पिकअपमध्ये टाकल्या, दिवाळीत गाड्यांना गर्दी असते तेव्हा हे आधी बोलून ठेवा.

घरी आल्यावर तनूच्या पप्पांनी विचारलं, "मंग? पास का नापास?"

"लेक पास," मी म्हटलं. "दुसरीचं नका विचारू."

माझी भीती गेली का? नाही. जूनमध्ये ती अकोल्याच्या गाडीत बसेल तेव्हा काय होईल, या विचाराने आत्ताच झोप उडते. पण काल मशीन काढलं. औषधाच्या दोन पिशव्या बेतल्या, निम्मं निम्मं ठेवायला. एकीचा पट्टा लावला, लांब टाक्याची एक शिलाई घातली. पाय आपोआप पुन्हा मशीनच्या पायडलवर गेला. तनू शेजारी अभ्यास करत होती. तिने वर पाहिलं नाही, नुसता हात माझ्या गुडघ्यावर ठेवला.

मी दोरा तोडला. लिंबू-मिरची मात्र मीच ओवली, आणि या वेळी तिने कपाळावर हात मारला नाही.