ग्लाफिरावहिनीच्या माहेरची बदकं

ग्लाफिरावहिनी लग्न होऊन आमच्या गावात आली तेव्हा तिच्याबरोबर एक पेटी होती, पिसांची गादी होती आणि झाकणाच्या टोपलीत दोन बदकिणी होत्या. पेटी आणि गादी सगळ्याच मुली आणतात. बदकिणींवरून मात्र बायकांनी तिला बरंच चिडवलं. कुणी म्हणालं, नवरीपेक्षा पाठराखणीच जास्त बोलतायत. ती हसली नाही. टोपली आधी उबेला ठेवली, मग डोक्यावरचा रुमाल सोडला. मी तेव्हा लहान होते. तिचा नवरा तेरेन्ती माझा सख्खा चुलतभाऊ, आणि आमच्या घरांच्या मध्ये फक्त एक कुंपण. त्यामुळे पुढचं सगळं मी त्या कुंपणावरूनच पाहिलं.

त्या बदकिणी हाळीच्या, म्हणजे हाक घालून रानबदकं बोलावणाऱ्या होत्या. वसंतात ओका नदीला पूर येतो, कुरणं पाण्याखाली जातात आणि रानबदकांचे नर जोडीदारीण शोधत फिरतात. शिकारी फांद्यांच्या खोपीत बसतो आणि समोरच्या पाण्यात पायाला चामड्याचा पट्टा बांधलेली घरची बदकीण सोडतो. भोवती दोन-चार लाकडी बदकं तरंगत ठेवतो. लाकडी बदकं काय, कुणीही तासतं. शिटीही दुकानात मिळते. पण शिटी ऐकून नर नुसती मान वळवतो. त्याला आभाळातून खाली उतरवायचं तर बदकीणच लागते. तीही कुठलीही चालत नाही. साधी हाळी सगळ्याच घालतात. पण नर डोक्यावर आला की एकदम वरच्या पट्टीत सुरू करून आवाज पायरी पायरीनं खाली आणायचा, ही उतरवणी एखादीलाच येते. वहिनीच्या आईच्या बदकिणींना ती येत होती. त्यांच्या उतरवणीत मध्येच आवाज थोडा चिरकायचा, रडू आवरल्यासारखा, आणि तिथंच नर पंख मिटायचा.

दोन वर्षांत ओकेच्या अलीकडे-पलीकडे त्या बदकांचं नाव झालं. नाव झालं ते तेरेन्तीचं. ‘तेरेन्तीची बदकं’ असंच सगळे म्हणायचे. शहरातून शिकारी यायचे तेही तेरेन्तीलाच विचारत यायचे. पहाटे उठून बदकांना शिजवलेलं धान्य घालणारी, हिवाळ्यात त्यांचं पाणी गोठू नये म्हणून बर्फातून हेलपाटे घालणारी बाई कोण, ते विचारायचं कुणाला कारण नव्हतं.

आमच्याकडे पोक्रोवच्या सणाच्या आधी, पहिला बर्फ पडायच्या बेताला, निवड होते. त्या उन्हाळ्यातल्या माद्या एकेक करून खुराड्यामागे नेतात, इतरांच्या नजरेआड. एकटी पडली की ती बोलते. अंगणात बाकावर पुरुष बसतात, मध्ये व्होडका आणि खारवलेल्या काकड्या. ज्या चांगल्या बोलतात त्या राहतात. बाकीच्यांची मान तिथंच पिरगाळून घरात देतात. बाईनं त्या वेळी अंगणात यायचं नसतं. बाईचा आवाज कानात गेला की बदकीण बिथरते म्हणतात. माझी आईही म्हणायची. मी देवाला मानते, पण देवानं असं काही सांगितल्याचं माझ्या वाचनात नाही.

लग्नानंतरच्या पहिल्याच निवडीला वहिनी दारात उभी राहिली. तेरेन्तीनं एका ठिपक्यांच्या बदकिणीला बाजूला काढलं, तेव्हा ती तिथूनच म्हणाली की ती नको मारूस, ती आईच्या आवाजाची आहे, अजून लहान आहे म्हणून दबून बोलते. तेरेन्ती काही वाईट माणूस नव्हता. दारू बेतानं प्यायचा, हात उचलायचा नाही. पण चार जणांसमोर बायकोनं शिकवलं हे त्याला झोंबलं. तो म्हणाला, “आता बायको सांगणार आणि मी ऐकणार. उद्या बंदूकही हीच धरील.” पुरुष हसले. त्यानं ठिपक्यांची हातात घेतली, वहिनीच्या डोळ्यांसमोर मान पिरगाळली आणि तिच्या हातात दिली. त्या संध्याकाळी तीच सगळ्यांना वाढली. वहिनीनंच शिजवली, वहिनीनंच वाढली.

त्यानंतर बदकांबद्दल ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. बाकी सगळं बोलायची. गाय, बटाटे, लाकडं, मुलीचं लग्न, सगळं. बदकांचं काही निघालं की मात्र म्हणायची, “ते तुझं, तेरेन्ती कुझ्मिच.” नवऱ्याला बापाच्या नावासकट हाक मारायला तिनं तेव्हाच सुरुवात केली. लोकांना तो मान वाटायचा.

आणि खरं सांगायचं तर त्याला निवडता येत होतं. बाकावर बसायचा, टोपी गुडघ्यावर ठेवायचा आणि डोळे मिटायचा. डोळे मिटूनच ऐकायचा. एखादी आवडली की बोटानं गुडघ्यावर टिचकी मारायचा. वहिनी आत भट्टीपाशी उभी असायची आणि तिचंही बोट पिठाच्या परातीवर हलायचं. दोन्ही बोटं बहुतेक वेळा बरोबरच हलायची. असा संसार मी दुसरा पाहिला नाही.

मग त्याचे कान गेले. उभा जन्म बंदुकीच्या नळीशेजारी गाल ठेवून काढलेला. आमच्याकडच्या शिकाऱ्यांचं हे ठरलेलंच. पण तो कबूल करीना. रेडिओ मोठ्ठा करायचा आणि म्हणायचा की हल्ली बातम्या देणारे पुटपुटतात. जावई पुटपुटतो, सावेली पुटपुटतो, गावच पुटपुटतं. सावेली हा त्याचा व्याही. त्याला तेरेन्तीकडे बसून प्यायला मिळायचं, म्हणून तो कुठल्याच गोष्टीला नाही म्हणायचा नाही. बाकावर बसणारे जुने लोक तोवर मातीत गेले होते.

त्याच उन्हाळ्यात वहिनीच्या वाणातली एक म्हातारी कोल्ह्यानं नेली आणि दुसरीनं अंडी घालायचं सोडलं. तिच्या शेवटच्या पिल्लांत मादी एकच निघाली. लहानखुरी, डोळ्याजवळ काळी रेघ. खुराड्यातल्या बाकीच्या तरण्या माद्या तेरेन्तीनं बाजारातून आणलेल्या अंड्यांच्या, दिसायला धिप्पाड. पावसाची सर सरल्यावर जसं लख्ख ऊन पडतं तसं त्या वर्षी सप्टेंबरात ऊन पडलं होतं. मी कपडे वाळत घालत होते आणि ती लहानखुरी बोलली. वरून सुरू केलं, पायरीनं खाली आली, मध्ये चिरकली. वहिनी पाण्याच्या बादल्या घेऊन चालली होती. तिनं बादल्या खाली ठेवल्या. इतक्या वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. तेव्हाही रडली नाही, पण रुमालाचं टोक दातात धरून उभी राहिली. मला म्हणाली, “न्यूरा, आई बोलली बघ.”

निवडीच्या दिवशी मी तिच्याकडे कोबी चिरायला गेले होते. खिडकीतून अंगण दिसत होतं. बाकावर तेरेन्ती आणि सावेली दोघंच. तेरेन्तीनं टोपी गुडघ्यावर ठेवली. वहिनीनं सुरी थांबवली आणि हळूच म्हणाली, “डोळे उघडे आहेत त्याचे.”

मी पाहिलं. खरंच उघडे होते. निवडीचा पिंजरा त्यानं या वर्षी खुराड्यामागे नेलाच नव्हता, समोर ठेवला होता. तो बदकिणीची चोच बघत होता. एक धिप्पाड मादी मान ताणून, चोच फाकून बाजारातल्या भांडकुदळ बाईसारखी ओरडत होती. फाटका, एकसुरी आवाज, उतरवणी नावाला नाही. तेरेन्तीनं गुडघ्यावर टिचकी मारली. सावेली म्हणाला, वा. मग लहानखुरी आणली. ती बोलली, आणि मला इतकं काही कळत नाही तरी माझ्या हातावर काटा आला. पण चांगली बदकीण चोच जेमतेम उघडते. तेरेन्तीला वाटलं ती गप्पच आहे. त्यानं थोडी वाट पाहिली, बोटानं तिला डिवचलं, पुन्हा वाट पाहिली. मग पिंजऱ्यात हात घातला.

मी वहिनीला म्हटलं, जा, अजून वेळ आहे. ती हलली नाही. म्हटलं, मी जाते, मी त्याची बहीण आहे, माझ्यावर चिडला तर चिडू दे. तिनं माझं मनगट धरलं. ओल्या, कोबीच्या वासाच्या हातानं, चांगलं घट्ट.

“त्यानं निवडलं ना? निवडू दे.”

“अगं, तुझ्या आईची आहे ती. शेवटची.”

“माझ्या आईची कुठली? सगळं गाव म्हणतं तेरेन्तीची.”

तेरेन्ती दारातून आत आला आणि त्यानं ती तिच्या हातात दिली. मान लोंबत होती. “मुकी निघाली,” म्हणाला. वहिनी म्हणाली, “मुकीच होती, तेरेन्ती कुझ्मिच,” आणि पिसं काढायला पाणी तापत ठेवलं. संध्याकाळी सावेलीनं दोनदा वाढून घेतलं. वहिनीही ताटावर बसली, सगळं जेवली, हाडं स्वच्छ केली. मी माझं ताट तसंच ठेवून उठले. घरी येऊन मी देवमातेच्या तसबिरीपुढे उभी राहिले, पण नेमकं कुणासाठी काय मागायचं ते सुचेना, म्हणून रोजचीच प्रार्थना म्हटली.

वसंतात शहराकडून वादिम अर्काद्येविच आला. हा इंजिनीअर दर वर्षी यायचा, तेरेन्तीला मानायचा, येताना चांगला चहा आणायचा. या खेपेला बरोबर एक मित्र होता, त्याला त्यानं वाटभर तेरेन्तीच्या बदकांच्या गोष्टी सांगितल्या असणार. नाव वल्हवायला सावेली. पुढचं त्याच्याकडूनच कळलं.

धिप्पाड बदकीण पाण्यात सोडली. ती उजाडल्यापासून ओरडत राहिली, वर नर असो नसो. नर यायचे, एक फेरी मारायचे आणि पलीकडच्या काठाला जाऊन उतरायचे. तिकडे दुसऱ्या कुणाची बदकीण बोलत होती. तेरेन्ती खोपीत गुडघ्यांवर बसून तिच्या उघडझाप होणाऱ्या चोचीकडे बघत होता आणि पाहुण्यांना खुणावत होता, ऐका, ऐका कशी बोलावतेय. मित्रानं विचारलं, हीच का ती प्रसिद्ध गाणारी? आणि दोघं हसले. तेरेन्तीही हसला. त्याला वाटलं, खूश झाले.

दुसऱ्या दिवशी पाहुणे पलीकडच्या गावी गेले. चहाचा पुडा मात्र ठेवून गेले. तेरेन्ती सावेलीला घेऊन पुन्हा त्याच खोपीत जाऊन बसला. एक नर अगदी खाली आला, इतका की त्याच्या गळ्याचा हिरवा रंग दिसत होता. बदकीण तोंड फाडून ओरडत होती. नर निघून गेला. तेरेन्तीनं पाण्यात उतरून बदकीण उचलली, कानाशी धरली, मग तिचा गळा बोटांनी चाचपला. सावेलीला पहिल्यांदाच काही खरं बोलावंसं वाटलं. तो त्याच्या कानाशी ओरडला, “तू बहिरा झालायस, व्याहीबुवा. ही नुसती बोंबलते.”

इस्टरच्या आधीचा गुरुवार होता. मी आणि वहिनी कांद्याच्या सालींत अंडी रंगवत होतो. तेरेन्ती आत आला, बूट न काढताच बाकावर बसला, टोपली पायाशी. मग म्हणाला, “ग्लाशा.” या लाडाच्या नावानं त्यानं तिला कधी हाक मारल्याचं मला आठवत नाही. “ती लहानखुरी. काळ्या रेघेची. ती बोलत होती का?”

वहिनीनं हात पुसले आणि त्याच्यासमोर उभी राहिली. आणि बोलायला लागली. आवाज चढवला नाही. रोज बटाट्यांबद्दल बोलते तशीच बोलली. ठिपक्यांच्या बदकिणीपासून सुरुवात केली. टोपली, बर्फातलं पाणी, भट्टीपाशी हलणारं बोट, आईचा आवाज, सगळं सांगितलं. म्हणाली, “बोलत होती. मी ऐकलं, न्यूरानं ऐकलं. एक शब्द टाकला असता तर वाचली असती. मी टाकला नाही. तुझी मान खाली जावी म्हणून माझ्या आईला मी स्वतः शिजवलं.”

तो तिच्या ओठांकडे बघत होता. कपाळाला आठ्या घालून, मन लावून, निवडीला बदकिणींकडे बघायचा तसाच. ती थांबल्यावरही थोडा वेळ बघत राहिला. मग त्यानं मान हलवली.

“बरं,” म्हणाला, “वाढ मग.”

तिनं वाढलं.

तो त्यानंतर दोन हिवाळे जगला. बदकांचा विषय त्यानं काढला नाही, तिनंही नाही. धिप्पाड बदकीण अजून आहे. दिवसभर ओरडते आणि वहिनी तिला वेळच्या वेळी दाणे टाकते. मारत का नाही, असं मी एकदा विचारलं. म्हणाली, त्यानं निवडलेली आहे.

त्याच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला पलीकडच्या गावचेही शिकारी आले होते. मृताच्या नावानं गोड भात खाल्ला, पेले भरले. एक जण उभा राहून म्हणाला की तेरेन्ती गेला आणि त्याच्या बदकांचा वाणही त्याच्याबरोबर गेला, तसे कान आता कुणाला नाहीत. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला राहवलं नाही. मी म्हटलं, ती बदकं ग्लाफिरावहिनीच्या माहेरची होती. टोपलीतून तिनं आणली होती.

पुरुषांनी माझ्याकडे पाहिलं, मग वहिनीकडे. ती भट्टीपाशी उभी होती, काळा रुमाल बांधून.

“पाव संपला का बघ, न्यूरा,” ती म्हणाली.